बोटभर दार

एका राज्यात, जिथे झाडे माणसांची सुखदुःखे ऐकून घेत आणि पक्षी त्यावर मत देत, शूरकेतू नावाचा राजा होता. त्याच्या बागेत सोनेरी मध देणारी मधमाश्यांची पेटी होती, तिचे दार पूर्वेला. एकदा महाराजांना वाटले, माश्यांनी येता-जाता आपल्याला मुजरा करावा. झाले! पेटी फिरवून दार महालाच्या सज्ज्याकडे केले. रानातून परतलेल्या माश्या जुन्याच जागी आल्या, लाकडावर आपटल्या आणि तिथेच ढीग होऊन पडल्या. राणीमाशीने शाप दिला, "राजा, तुलाही तुझ्या घराचे दार सापडणार नाही."

त्या क्षणापासून राजा राजवाड्याच्या भिंती चाचपडत फिरू लागला. दार समोर असे, पण त्याला भिंतच दिसे. कोणी हात धरून नेले, तर उंबरठ्याशी हात सुटे. थंडी पडली की तो बाहेरच दगड होऊन जाणार, हे राजकन्या कनकलेखेला कळून चुकले.

ती धावली ती थेट वेड्या राघूकडे. हा पक्षी माश्यांवरच जगणारा, त्यामुळे त्यांची खडानखडा माहिती त्याला. शाप उतरवायला राघूने तीन कामे सांगितली. अंगावरचे अत्तर धुऊन जायचे, कारण पहारेकरी माश्यांना परका वास खपत नाही. पेटीचे ऐसपैस दार त्यांना राखता येईल इतके अरुंद करायचे. आणि ते पुन्हा पूर्वेला न्यायचे.

पहिली दोन कामे तिने झपाट्याने उरकली. मग ती पेटी गर्रकन फिरवणार, तोच राघू म्हणाला, "थांब, राजकन्ये. वडिलांचीच चूक करते आहेस. उरलेल्या माश्यांना आता हेच दार ठाऊक आहे."

"मग काय करू?"

"रोज बोटभर सरकव. त्याहून जास्त नाही."

बोटभर! इकडे राजाच्या पावलांना दगडाचा रंग चढू लागला होता. कनकलेखेचा जीव नुसता वरखाली होई, पण तिने मन घट्ट केले आणि रोज बोटभरच पेटी फिरवली. आणि काय नवल! तिकडे राजाला भिंतीत उजेडाची एक फट दिसू लागली, तीही रोज बोटभर रुंदावणारी. ती पाहून म्हातारा लहान मुलासारखा टाळ्या पिटी.

अखेर दार पूर्वेला आले. कोवळे ऊन थेट आत शिरले. रानातून माश्यांचा लोंढा घोंगावत आला, राजकन्येने श्वास रोखला, आणि एकूणएक माशी न चुकता आत गेली. तत्क्षणी राजाच्या पायांचा दगड गळून पडला. समोर लख्ख उघडे दार! तो धावत सुटला, पण उंबरठ्याशी थबकला.

"आत येऊ का?" त्याने लेकीला विचारले.

"यावे, महाराज," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "घर जागेवरच आहे."

तेव्हापासून त्या राज्यात रोज सकाळी राजाच माश्यांना मुजरा करतो, तोही पेटीच्या बाजूला उभा राहून, त्यांची वाट मोकळी सोडून.