शेंदराखालचा आस

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, राजाचंही नाही. आठवतो तो एक रथ आणि त्याचा सारथी.

रथ थोरल्या महाराजांच्या वेळचा. सारथीही तेव्हाचाच. दोघं बरोबरच म्हातारे झाले होते. पण रथाला कुणी म्हातारा म्हटलं, की सारथ्याला झोंबायचं. "अजून दहा वर्षं कुरकुरणार नाही," असं त्याने भर दरबारात छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या शब्दाखातर राजाने नवा रथ करायचं काम थांबवलं होतं.

त्या राज्यात एक रीत होती. दर दसऱ्याला रथाला न्हाऊ घालायचं आणि मुहूर्त टळू नये म्हणून तो ओला असतानाच त्याच्या लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा. आदल्या वर्षीचा शेंदूर कुणी खरवडायचा नाही. देवाचं लेणं खरवडायला हात धजणार कुणाचा? असे तीस वर्षांचे तीस थर बसले होते. रथ लालबुंद दिसायचा आणि लोक त्याला वाकून नमस्कार करायचे.

त्या वर्षी दसरा झाला आणि राणीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी पोचवायचं ठरलं. माहेर घाटाखाली. घाटाला सात वळणं, आणि प्रत्येक वळणाला खोल दरी.

निघायच्या दोन दिवस आधी सारथी चाकांना वंगण घालत होता. हात लागला आणि शेंदराची तळहाताएवढी खपली निघून आली. खाली लोखंड नव्हतं, लाल भुगा होता. दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो आसच गंजला होता.

सारथ्याने गुपचूप म्हाताऱ्या लोहारणीला बोलावलं. तिने अंगठ्याचं नख टेकवलं, तर ते आत गेलं.

"यात लोखंड कुठलं रे बाबा, नुसता शेंदूर उरलाय," ती म्हणाली. "नवा आस घडवायला आठ दिवस लागतील."

"परवा निघायचंय."

"मग आजच जाऊन सांग, आठ दिवस थांबा म्हणावं."

"भर दरबारात बोलून बसलोय मी."

"दरबार काही कुठे पळाला नाही. जा, त्याच दरबारात सांग."

तो गेला खरा. पायऱ्यांवरच राजा भेटला. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," राजा म्हणाला. सारथी नुसती मान हलवून परतला आणि आसाच्या त्या खड्ड्यावर त्याने बोटभर जाड शेंदूर थापला. लोहारणीला म्हणाला, "सांगितलं. दुसरा रथ नेणार आहेत." एवढा एकच घाट, मग करू दुरुस्त, अशी त्याने मनाची समजूत घातली. अशा वेळी आपलं मन किती पटकन ऐकतं, नाही?

ठरल्या दिवशी राणीने स्वतः रथाला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि ती आत बसली. मागे दोन घोडेस्वार निघाले.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर खालून कर्र आवाज आला.

"कसला हो आवाज, काका?" राणीने विचारलं.

"खडे आहेत, राणीसाहेब."

तिसऱ्या वळणावर आवाज वाढला. सारथ्याच्या कपाळावरून घाम निथळू लागला. त्याने मागे वळून पाहिलं, तर वाटेवर शेंदराच्या लाल खपल्या पडत आल्या होत्या. अजून चार वळणं.

"राणीसाहेब, घट्ट धरून बसा."

"मी कशाला घाबरू? तुम्ही हाकताय ना," राणी म्हणाली, आणि हसून तिने पोटावर हात ठेवला.

ते ऐकलं आणि सारथ्याला राहवेना. त्याने जिवाच्या आकांताने लगाम खेचला, खाली उडी मारली आणि हात जोडले. "उतरा, राणीसाहेब! आस गंजलाय. मला ठाऊक होतं."

स्वारांनी राणीला उतरवलं, रथाचे घोडे सोडले. रथ कडेला घ्यावा म्हणून दोघांनी जेमतेम रेटला, तोच कडाड् आवाज झाला. आस मधोमध मोडला आणि रथ एका अंगावर कलंडून दरीत गेला. खालून आवाज यायला बराच वेळ लागला.

राणी दगडावर बसली होती. तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"परवा."

"मग आज मी कुणाच्या भरवशावर बसले होते?"

सारथी लहान मुलासारखा रडला.

"तुम्ही रथ थांबवलात म्हणून आम्ही दोघं जिवंत आहोत. ते मी विसरणार नाही," राणी म्हणाली. "पण काका, लगाम आता तुमच्या हाती देता येणार नाही."

नवा रथ झाला, नवा सारथी आला. म्हाताऱ्याने लोहारणीच्या भात्याशी काम मागून घेतलं. रीतही बदलली. दर दसऱ्याला तो सगळ्यांच्या आधी येई, जुना शेंदूर खरवडून लोखंड उघडं करी, नख लावून पाही. मगच पूजा होई. आणि राणीची लेक मोठी झाल्यावर ती त्याच्याशेजारी बसून विचारी, "आजोबा, खालचं सगळं ठीक आहे ना?"

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: गंज आणि चूक वरून रंगवून मिटत नाहीत, दिसल्या त्याच दिवशी उघड कराव्या लागतात.