कामावरचे खिळे

"...आणि हे एवढं ओरडून कुणाला सांगायचंय?"

बाबालालचाचांनी कागद हातात धरूनच विचारलं. चष्मा कपाळावर होता. वाचायला त्यांना चष्मा लागायचा, छपाई तपासायला लागत नसे.

शलाकाला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "ओरडून कुठे, चाचा? छापलंय."

"तेच म्हणतोय."



आता ही शलाका कारखानीस म्हणजे काही ऐरीगैरी नव्हे. पुण्याच्या डिझाइन कॉलेजात अक्षरांवर तासन्‌तास बोलणारी बाई. तिच्या भिंतीवर अक्षरं, पिशवीवर अक्षरं, कुर्त्यावरही अक्षरं. रस्त्यातली दुकानाची जुनी पाटी दिसली की स्कूटर आडवी लावून फोटो काढायची, मागचे लोक शिव्या घालेनात का. अक्षर म्हणजे तिचा जीव की प्राण. ते आपल्याला कळतं तसं फार थोड्यांना कळतं, असंही तिला मनातून वाटायचं. मनातूनच का, कधीकधी तोंडानंही.

वर्षामागं ती मिरजेला एका लग्नाला आली होती. बोळातून पंगतीला जाताना छपाईच्या ट्रेडल मशीनचा खडखडाट कानावर पडला, आणि ही पंगत सोडून थेट छापखान्यात. जरीच्या साडीला शाई लागली त्याचं तिला काही नाही. त्या दिवसापासून दर शनिवार-रविवार मिरज. बाबालाल मुल्लांच्या हाताखाली ती खिळे जुळवायला शिकली. खिळे म्हणजे छापखान्यातली शिशाची अक्षरं. लाकडी केसमधल्या खणांतून एकेक उचलायचं, ओळ लावायची, ओळींचा मजकूर बांधायचा. काम झालं की एकेक खिळा पुन्हा आपापल्या खणात.

चाचांनी हे पन्नास वर्षं केलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, उरुसाची हँडबिलं. आता गुडघे बोलायला लागले होते. मुलगी इचलकरंजीला न्यायला येणार होती आणि खोली महिनाअखेर मालकाला परत द्यायची होती.

राहता राहिले खिळे.

त्यांना दोन मागण्या आल्या होत्या. एक कोल्हापूरच्या शिरगावकरांची. त्यांचं नवं हॉटेल होत होतं आणि दर्शनी भिंतीवर सगळे खिळे बसवून वरून दिवे सोडायचे, अशी त्यांची कल्पना. माणूस सज्जन, बोलणं गोड, आणि भिंतीचं चित्रही त्यांनी सुरेख काढून आणलं होतं. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले. दुसरी मागणी शलाकाची. तिला मशीनसकट सगळं हवं होतं. पुण्यात तिनं तळमजल्यावर जागाही बघून ठेवली होती.

चाचा दोघांनाही नाही म्हणाले नव्हते. शलाकाला मात्र एवढं म्हणाले होते, की एक कागद छापून दाखव, मग बोलू.

तोच हा कागद.

तिनं खास जाडजूड हातकागद आणला होता. या खेपेला ती शुक्रवारीच आली, चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले तेवढ्या वेळात छापून घेतला आणि शनिवारी सकाळी त्यांच्यापुढं ठेवला. वर मोठ्या खिळ्यांत 'बाबालाल मुल्ला'. खाली लहान ओळ, 'यांच्या हातून मला अक्षर मिळालं'. मशीनचा दाब तिनं होता तेवढा सगळा दिला होता. अक्षरं कागदात अशी रुतली होती की त्यांत बोट फिरावं. पुण्यात लोक यासाठी जीव टाकतात. प्रदर्शनात अशा कागदावरून हात फिरवतात आणि डोळे मिटून घेतात.

ती म्हणाली, "चाचा, हात तर फिरवून बघा. ऑफसेटमध्ये मिळेल का हे?"

चाचांनी कागद उलटा केला. मागं प्रत्येक अक्षर उठून आलं होतं.

"मागनंही वाचता येतंय."

"हो ना," शलाका खुशीत म्हणाली.

"माझं नाव एवढं ठोकून बसवलंस... मी काय पळून चाललोय?"

ती हसली. चाचा हसले नाहीत. ते मशीनपाशी गेले, वाकले, आणि चौकटीतला एक खिळा चिमटीत धरून वर काढला. 'मिळालं'मधली वेलांटी होती ती. तिचं वरचं नाजूक टोक उडालं होतं.



चाचांनी वेलांटी तळहातावर घेतली, थोडा वेळ बघितली आणि खिशात ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटून गेलं.

"चाळीस वर्षं होती माझ्याकडं."

...

"चुकलं माझं, चाचा. दाब कमी करून पुन्हा छापते."

चाचा दाराशी चप्पल घालत होते. पाठमोरेच म्हणाले, "खिळ्यानं कागदाला भेटायचं असतं, पोरी. आत शिरायचं नसतं."

आणि निघून गेले.

आता बोलायला सोपं आहे ते. शलाकानं मोडक्या वेलांटीच्या जागी दुसरी बसवली, चाचांच्या फळीवरचा साधा पांढरा कागद घेतला, दाब कमी केला आणि छापून बघितलं. 'ब' आला ठसठशीत. 'ल' आला आजारी माणसासारखा. 'क्ष' तर आलाच नाही. चाळीस-पन्नास वर्षांचे खिळे ते, कुणी जास्त झिजलेला, कुणी कमी. सगळ्यांची उंची एक कुठून असणार?

तिनं दाब वाढवला. 'क्ष' उमटला, तर 'ब' कागदात रुतून बसला. कमी केला, की पुन्हा 'क्ष' गायब. दुपारपर्यंत पंचवीस कागद वाया गेले. जेवायचंही राहिलं. कॉलेजात शंभर मुलांना छपाई समजावून सांगणारी ही बाई, आणि एका 'क्ष'नं तिला रडकुंडीला आणलं.

उद्या टेम्पो येणार होता. तिला डोळ्यांसमोर ती भिंत दिसायला लागली, दिव्यांसकट.

शेवटी मशीनवरची गादीच बदलून बघू, असं तिच्या मनात आलं. छापायचा कागद ज्यावर टेकतो ती पाच-सहा कागदांची बैठक, तिला चाचा गादी म्हणत. तिनं वरचा कागद उचलला. खाली चाचांच्या आधीच्या कामाचा कागद तसाच राहिला होता, तो हाताला लागला.

त्यावर पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवलेले होते.

दोन-चार नव्हे, शे-सव्वाशे. काही नखाएवढे, काही तांदळाएवढे. कुठं एकावर एक तीन. जिथं खिळा झिजलेला, तिथं त्याच्यासमोर कागदाचा एक कपटा, म्हणजे कागदच तेवढा पुढं सरकून त्या खिळ्याला भेटेल. फार झिजलेल्याला दोन कपटे. धडधाकट असेल त्याला काहीच नाही.

हे चाचांनी तिला पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं. तिनं फोटो काढला होता, छान आहे म्हणाली होती आणि विसरून गेली होती.

काम कसलं होतं ते तिनं बघितलं. शिवणक्लासचं हँडबिल. संध्याकाळी ज्यात कुणी शेंगदाणे बांधून देईल असं. त्यासाठी चाचांनी एवढे कपटे कापून चिकटवले होते. क्लासच्या बाईंनी काही मागितलं नव्हतं, त्यांना दिसलंही नसेल. छापून झाल्यावर ते दिसतच नाही. दिसतं ते एवढंच, की सगळी अक्षरं सारखी उमटली आहेत.

शलाका तिथंच स्टुलावर बसली. तिला भरून आलं. वर्षभर हा माणूस आपल्याला काय देत होता आणि आपण काय घेत होतो, या विचारानं तिला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं. आपलं नशीब थोर, की हा माणूस आपल्याला भेटला. असं तिला अगदी स्वच्छ वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते जाईना.

मग तिनं कात्री घेतली.

दिवेलागणीपर्यंत ती कपटे चिकटवत होती. 'क्ष'ला दोन लागले. 'ल'ला एकेक. काना एक बराच थकलेला निघाला, त्याला तीन.

रविवारी सकाळी चाचा आले तेव्हा कागद टेबलावर ठेवलेला होता.  हात फिरवून बघा, असं या वेळी शलाका म्हणाली नाही.

त्यांच्या पाठोपाठ शिरगावकरही आले. टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा करून, चपला बाहेर काढून, ते दारातच थांबले.

चाचांनी कागद उचलला आणि आधी उलटा केला. डोळे मिटले. बोटं मागच्या बाजूवरून सावकाश फिरली, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग त्यांनी कागद गालाला लावला.



मग चाचांनी कागद सुलटा केला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि स्वतःचं नाव वाचलं. खालची ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"आता बोलतंय नीट," ते म्हणाले.

शिरगावकरांनी घसा साफ केला. माणसं आणलीत, म्हणाले. चाचा म्हणतील तेव्हा केसेस उचलू, एकही खिळा सांडणार नाही याची हमी आपली.

चाचा त्यांच्याकडं वळले.

"माफ करा, शिरगावकर. खिळे कामावर आहेत."

 वाईट तर वाटलंच असणार शिरगावकरांना, भिंत रिकामी राहिली की. पण माणूस समजूतदार. टेबलावरचा कागद उचलून त्यांनी उजेडात धरला, हळूच परत ठेवला, चहा घेतला, आणि जाताना शलाकाला म्हणाले की हॉटेलचं मेनूकार्ड आता तुम्हीच छापून द्या.

टेम्पो रिकामा गेला.

शलाका चाचांच्या पायांशी वाकली. चाचांनी असू दे, असू दे म्हणत मागं सरकायला बघितलं, पण मागं मशीन. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

 ती उठली, मशीनपाशी गेली. लोखंडी चौकटीतून तिनं तो मजकूर अलगद सोडवला आणि भोवती दोरा गुंडाळला, चार वेढे, घट्ट. मग जुन्या वर्तमानपत्राचा मऊ कागद पसरला.

"हा मी मोडणार नाही, चाचा. असाच बांधून ठेवणार. माझ्या टेबलावर, कायमचा. तुमचे उपकार फेडणं मला जमायचं नाही... निदान तुमचं नाव तरी रोज डोळ्यांसमोर राहील."

चाचांना बरं वाटलं नसेल असं नाही. माणूसच ते. पन्नास वर्षं त्यांनी दुनियेची नावं जुळवली, त्यांचं स्वतःचं नाव कुणी पहिल्यांदाच जुळवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

मग हात पुढं करून तो मजकूर आपल्याकडं ओढला.

दोऱ्याचं टोक शोधलं. एक वेढा सोडला. दुसरा. तिसरा. चौथा.

पहिला 'ब' त्यांनी चिमटीत उचलला, रॉकेलच्या फडक्यानं त्याची शाई पुसली, आणि न बघता केसमध्ये त्याच्या खणात टाकला. टक्‌ असा आवाज झाला. मग काना उचलला.

"अहो चाचा..." शलाका म्हणाली. "तुमचं नाव आहे ते."

चाचांनी काना पुसला.

"मघाशी शिरगावकरांना काय म्हणालो मी?"

"खिळे कामावर आहेत."

"मग माझ्या नावात किती दिवस अडकवून ठेवणार त्यांना?"