मगरमावशीला दिलेली भाकरी

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, आणि मधेमधे हं म्हणा. हं म्हणणारा नसेल तर मी उठलो.

नदीकाठी एक गाव होतं. तिथं एक म्हातारी होती, चंद्राक्का. संध्याकाळी ती पारावर बसून पोरांना गोष्ट सांगायची, आणि त्याबद्दल गाव तिला पाळीपाळीने जेवू घालायचं.

गोष्ट एकच. ससा तहानेला नदीवर जातो, न बघता तोंड घालतो, मगर त्याला कचाकच चावून खाते. मागून कोल्हा येतो. तो आधी पाण्यात दगड ढकलतो. मगर हलते, कोल्हा पळतो. संपली गोष्ट.

ती ऐकून त्या गावची पोरं घागर बुडवण्याआधी पाण्यात दगड टाकायची. कोणी शिकवलं नव्हतं. गोष्टीनं शिकवलं.

पण सुखानं राहतील तर ती माणसं कसली!

पाटलीणबाई आल्या. "आक्का, आमची हौसा झोपेत दचकते. ससा मारू नका."

"ससा मी मारते का? मगर मारते."

"मग मगरीला सांगा!"

आक्काचं पोट गावाच्या भाकरीवर. ससा वाचला. दुसऱ्या आईनं मगरीचे दात काढायला लावले. तिसरी म्हणाली, मगर शेवाळ खाते असं सांगा. होता होता मगरीची मगरमावशी झाली.

मग एक पोर म्हणालं, "मावशी आहे तर कोल्हा तिला दगड का मारतो?"

शहाणी माणसं डोलली. "खरंच की! वाईट शिकवण." दगडही गेला. आक्का ओरडली, "अरे मेल्यांनो, दगडासाठीच तर गोष्ट होती!" ऐकतो कोण? उलट पाटील म्हणाले, "आता कशी गोड झाली!" तोंडात घाला साखर!

उन्हाळा आला. नदी आटली, आणि वरच्या डोहातली मगर गावच्या पाणवठ्यावर उतरली. हौसा घागर घेऊन गेली. पाण्यात दोन डोळे दिसले. पोर हरखली. कमरेची भाकरी काढून तिनं हात पुढं केला.

"मावशी, शेवाळ खाऊन कंटाळली असशील. घे."

मगरीनं घेतली. भाकरीही घेतली आणि हातही धरला.

आक्का तिथंच धुणं धूत होती. तिनं धुणं बडवायचं दांडकं मगरीच्या डोळ्यावर हाणलं, पुन्हा हाणलं, तेव्हा जबडा सुटला. पोर वाचली. दोन बोटं गेली.

मगर बुडी मारता मारता म्हणाली, "माझ्यावर कशाला चिडता? मी शेवाळ खाते असं मी कधी म्हणाले होते?"

खोटं होतं का तिचं? नव्हतं.

संध्याकाळी पाटील पारावर आले. मान खाली. "आक्का, मगर परत घाला. दातासकट."

"मी नाही घालत," आक्का म्हणाली. "आता तुमची हौसा सांगेल."

जखम भरल्यावर हौसा पारावर बसली. गोष्ट ससा मरतो तिथवर आली की ती उजवा हात वर करायची. पोरं रडायची. पण ससा वाचवा म्हणायला आता कोणी आई यायची नाही. आणि सकाळी पाणवठ्यावर आधी दगड पडायचा, मग घागर.

ऐकलंत ना? मग डोक्यात ठेवा: गोष्टीतून काढली म्हणून मगर नदीतून जात नाही, तेव्हा पोरांना गोष्ट सांगाल ती अख्खी सांगा.