बोलक्या नावेचा नावाडी

एका मोठ्या नदीकाठी गुणमाला नावाची राणी राज्य करत होती. तिच्याकडे एक नाव होती. साधी लाकडाची, पण बोलायची, बरं का! आणि तिची एक खोड होती. राणी स्वतःच्या हातानं ज्याला वल्हं देईल, त्याच्याच हाती ती चालायची. दुसरं कुणी बसलं तर दगडासारखी गप्प. तसूभर हलायची नाही.

एकदा काय झालं, राणीचा नावाडी तापानं गेला. नवा नावाडी नेमायचा होता, पण कुणाला नेमायचं ते ठरेना. प्रधान म्हणायचा, "तरणा घ्या. अंगात जोर असतो, पुष्कळ वर्षं चाकरी करेल." राणीच्या सासूबाई म्हणायच्या, "छे! म्हातारा घ्या. त्यानं नदी पाहिलेली असते." रोज वाद व्हायचा. राणी दोघांचं ऐकायची आणि म्हणायची, "बघू उद्या."

नदीच्या मधोमध एक बेट होतं. तिथं देवीचा ओटा होता. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर असायचं, म्हणून एके दिवशी गावातली मुलं चालतच बेटावर करवंदं खायला गेली. आणि मग वर डोंगरात कुठं ढग फुटला कोण जाणे, नदी फुगायला लागली. गढूळ पाणी, त्यात झाडं, ओंडके. बघता बघता बेटाचा काठ बुडाला. मुलं ओट्यावर चढली आणि रडायला लागली.

घाबरू नकोस ग नलू. ऐक पुढं.

सगळ्या आया घाटावर धावल्या. राणी धावत आली. आता "बघू उद्या" म्हणायची सोय नव्हती. प्रधान ओरडला, "तरण्यांनी इकडे उभं राहा!" सासूबाई ओरडल्या, "म्हाताऱ्यांनी इकडे या!" झाल्या दोन रांगा.

तिथं येसू नावाची एक बाई आली. कोळ्याची लेक, लहानपणी बापाबरोबर होडी हाकलेली. बापाला याच नदीनं नेलं होतं. तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती. पण आता तिची पोरगी चिमी त्या ओट्यावर होती. येसू तरण्यांच्या रांगेत गेली. प्रधान म्हणाला, "बाई, तुझे केस पिकायला लागले. मागं हो." मग ती म्हाताऱ्यांच्या रांगेत गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझे तर सगळे दात शाबूत. तू कसली म्हातारी? मागं हो." येसू मागं झाली. काय करणार बिचारी! पदराचं टोक चावत बेटाकडे बघत राहिली.

प्रधानानं घाई केली, म्हणून राणीनं पहिल्यांदा शिदोजीला वल्हं दिलं. तरणाबांड, दंड असे की नुसतं बघत राहावं. नावेनं विचारलं, "पाण्याची भीती वाटते का रे?" शिदोजी हसला. "मला? भीती?" आणि निघाला सरळ बेटाच्या रोखानं. समोर भोवरा. नाव म्हणाली, "वळव, वळव!" तो म्हणाला, "ओढून काढतो." कसला काढतो! भोवऱ्यानं नाव गरागरा फिरवली आणि परत काठावर आणून आपटली.

मग सासूबाईंच्या सांगण्यावरून राणीनं खेमाजीबाबांना वल्हं दिलं. पांढरीशुभ्र दाढी. नावेनं विचारलं, "बाबा, भीती वाटते का?" बाबा म्हणाले, "असले पूर मी किती पाहिले! खालच्या अंगानं वाट आहे, डोळे मिटून नेईन." आणि नेली खालच्या अंगानं. पण त्या वाटेत पुरानं एक अख्खं वडाचं झाड आणून टाकलं होतं. बाबांची नजर जुन्या वाटेवर. नाव धडकली, बाबा पाण्यात पडले. शिदोजीनं उडी टाकली, बाबांना काठावर ओढून आणलं. लाटांनी नाव वल्ह्यासकट परत काठाला आणून लावली.

तोवर पाणी ओट्याला लागलं होतं. मोठी मुलं लहानांना कडेवर घेऊन उभी होती. त्यांचं रडणंसुद्धा आता ऐकू येत नव्हतं, एवढा नदीचा आवाज.

तेव्हा येसू पुढं आली. म्हणाली, "राणीसाहेब, मला द्या."

राणीनं वल्हं उचललं, पण थांबली. तिनं विचारलं, "तुझं वय काय?"

"पोरं बुडतायत, राणीसाहेब. वय मागाहून विचारा."

राणीला चटका बसला. तिनं वल्हं देऊन टाकलं.

येसू लगेच नावेत बसली नाही, बरं का. आधी शिदोजीला विचारलं, "दादा, भोवरा नेमका कुठं लागला?" मग बाबांना विचारलं, "बाबा, झाड कुठवर आडवं आहे?" दोघांनी हातांनी दाखवलं. मग ती बसली. नावेनं विचारलं, "पाण्याची भीती वाटते का ग?"

येसू म्हणाली, "फार वाटते. तुला काही दिसलं तर सांग, मी ऐकीन."

"चल तर," नाव म्हणाली.

आणि ती निघाली. भोवऱ्याला लांबून वळसा घातला. झाडाच्या अलीकडून वर काढली. नाव म्हणाली थांब, की थांबली. नाव म्हणाली मार, की वल्हं मारलं. ऐन मध्यावर नाव म्हणाली, "अजून भीती वाटते का ग?"

"वाटू दे. वल्हं सुटलं नाही ना?"

पोचली! ओट्यावर पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. एकेक पोर तिनं उचलून आत घेतलं. आणि गंमत बघा, जसजशी मुलं बसत गेली, तसतशी नाव पुरीसारखी फुगत गेली. सगळ्यांना जागा झाली. चिमी सगळ्यात शेवटी बसली, कारण ती लहानांना धरून उभी होती. येसूनं तिला जवळसुद्धा घेतलं नाही. दोन्ही हात वल्ह्याला होते ना! तशीच काठावर आली, वल्हं खाली ठेवलं, आणि मग चिमीला पोटाशी धरून जी रडली, जी रडली!

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "येसू, मी केस आणि दात बघत बसले, आणि पोरं पाण्यात उभी राहिली. चुकले मी." मग येसू नावाडी झाली. हाताखाली शिदोजीला घेतलं, आणि पाण्याची वाट रोज नव्यानं बघून सांगायचं काम खेमाजीबाबांना मिळालं. त्यांनीही ते मन लावून केलं. पुढं कुणी चाकरी मागायला आलं, की राणी त्याला आधी काम करून दाखवायला सांगायची. सगळे सुखात राहिले.

मुलं घरी गेली, गरम भात जेवली आणि आईच्या कुशीत शिरून गाढ झोपली. नलू, तूही पाय पांघरुणात घे. नदी उतरली हो, केव्हाच उतरली. मीट डोळे.