रायाजीचा ढीग

दगड उचललात, हरकत नाही. पण टाकायच्या आधी ऐकून घ्या.

खिंडीतल्या या ढिगाला रायाजीचा ढीग म्हणतात. या अंगाला आमचं धारवंडी, पलीकडे मोरखल. खिंड ओलांडणारा दोन्हीकडचा माणूस यावर एक दगड टाकून पुढे जातो. का, म्हणून विचारलं तर सांगतात, पद्धत आहे.

फार पूर्वी या दोन गावांत मोठी लढाई झाली असं सांगतात. धारवंडी हरलं. गावचे पाटील पडले आणि उरलेली माणसं बायकापोरांसकट गढीत अडकली. आतलं धान्य संपलं, तेव्हा सगळ्यांनी पाटलांच्या धाकट्या भावाला, रायाजीला गळ घातली. "तू जा. काय मागतील ते कबूल कर, पण पोरं वाचव."

मोरखलचे देशमुख हैबतराव. त्यांचा एकुलता एक मुलगा या लढाईत गेला होता. त्यांनी अटी घातल्या. धारवंडीच्या तळ्याचा बांध धारवंडीकरांनी आपल्या हातांनी फोडायचा. आणि दर दसऱ्याला गावच्या पुरुषांनी अनवाणी, बोडक्या डोक्यानं मोरखलच्या वेशीवर येऊन तिथली माती कपाळाला लावायची.

रायाजी म्हणाला, "आम्ही हरलो, हे मान्य. पण पाण्यानं तुमचं काय केलं?"

"माझ्या पोरानं तुमचं काय केलं होतं?" हैबतराव म्हणाले.

रायाजीनं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. बांधावर पहिली पहारही त्यानंच मारली म्हणे, कारण दुसरं कुणी मारेना.

पोरं वाचली. वाढली ती मात्र कोरडं तळं बघत, आणि दर दसऱ्याला बापाच्या कपाळावरची ती माती बघत. त्यांच्यात सिदोजी नावाचा एक तरुण होता, बोलण्यात पटाईत. तो सांगू लागला, "आपण हरलोच नव्हतो. रायाजीनं आपल्याला विकलं." मोरखल बलाढ्य होतं, रायाजी शेजारी राहत होता; राग काढायला तोच सोपा. गढीत ज्यांनी त्याचे पाय धरले होते, ते म्हातारेसुद्धा माना डोलवू लागले. मला सगळ्यात जास्त त्यांचा राग येतो. एकानं जरी तोंड उघडलं असतं!

रायाजी दरवर्षी मोरखलला जाऊन अटी सैल करा म्हणून विनवायचा आणि रिकाम्या हातानं परतायचा. एके वर्षी हैबतराव अंथरुणाला खिळले होते. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "माझा मुलगा काही परत आला नाही. बांधा तुमचा बांध. उद्या माझी माणसं देतो मदतीला. आणि दसऱ्याला पागोटी घालून या, जेवायला."

म्हातारा रायाजी धापा टाकत, धावत निघाला असं सांगतात. इथे खिंडीत सिदोजी आणि त्याच्या नादाची पोरं वाट अडवून उभी होती. "बघा," सिदोजी म्हणाला, "धन्याकडून आला. हसतोय बघा."

रायाजी हात वर करून "ऐका, ऐका" म्हणत राहिला. त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पहिला दगड कुणाचा, ते कुणाला ठाऊक नाही. थांबले तेव्हा खाली माणूस दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरखलची माणसं कुदळी, पहारी घेऊन खिंड चढून आली. बांध घालायला. धारवंडीच्या पोरांनी लोखंड चमकताना पाहिलं आणि तुटून पडली. ती लढाई पहिलीपेक्षा भयंकर झाली. या वेळी दोन्ही गावं जळाली.

रायाजी काय निरोप घेऊन येत होता, ते मोरखलच्या एका जखमी गड्यानं मरता मरता सांगितलं म्हणे. आमच्या लोकांना ते कळलं. कळून काय केलं? मोरखलकर म्हणाले, धारवंडीचे खुनी. धारवंडीकर म्हणाले, अटी कुणी घातल्या होत्या? आणि दोघांनीही दगड मधल्या माणसावर, रायाजीवरच टाकले.

आजही धारवंडीचं तळं फुटकंच आहे. बांध घालू म्हणून दोन्ही गावांच्या बैठका होतात. मी स्वतः कितीदा बसलोय. पहिली चूक कुणाची, इथवर बोलणं येतं आणि माणसं उठून जातात. जाताना वाट याच खिंडीतून आहे. मी इथे उभा राहून ही सगळी हकिकत सांगतो. शांतपणे ऐकतात. "खरं आहे मामा, फार वाईट झालं," म्हणतात, आणि खाली वाकून दगड शोधू लागतात.