सोननाकाची ओंजळ

आपल्या निंबरगावात नगरपालिका नव्हती, नळ नव्हते, रस्त्याला एक दिवा नव्हता, त्या काळची ही गोष्ट. गावाला मातीचा कोट होता आणि कोटाला एकच वेस होती. पहाटे वेस उघडायची आणि दिवस मावळताना लावायची, हे काम सोननाक येसकराचं. वेस राखायचा तो, पण राहायचा वेशीबाहेर. त्याच्या लोकांना गावात घर बांधायला बंदी होती आणि गावाच्या बारवेची एक पायरीसुद्धा उतरायला बंदी होती. सगळं गाव त्या बारवेचंच पाणी प्यायचं. वेशीबाहेरची माणसं टेकडीखालच्या झिऱ्यावर जायची. झिरा कसला, हातभर खड्डा. नारळाच्या नरोटीनं पाणी काढायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. सकाळी जुलाब लागलेला माणूस संध्याकाळ बघत नसे. मेलेल्याची खबर परगावी न्यायची, सरणाची लाकडं वाहायची, हेही काम येसकराचंच. सोननाक दर माणसामागे वेशीच्या कोनाड्यात एक खडा ठेवायचा. पंधरा दिवसांत कोनाडा भरला, असं म्हणतात.

गावानं मरीआईचा गाडा काढला, रेडा दिला. मरणं थांबली नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, वेशीबाहेर एकही माणूस मेलेलं नाही, ते कसं? त्यांनीच मूठ मारली असणार. अमावस्येपर्यंत पटकी गेली नाही तर त्यांच्या झोपड्या पेटवायच्या, असं चावडीत ठरलं.

सोननाकाला कारण माहीत होतं. पायऱ्यांवर जायला मनाई, म्हणून तो कायम बारवेच्या मागच्या भिंतीशी उभा राहून हुकमाची वाट बघायचा. आजाऱ्यांची धुणी वर काठावर धुतली जात आणि ते पाणी मागच्या भिंतीतल्या फटीतून पुन्हा बारवेत उतरे. पुढून पायऱ्या उतरणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं.

तो चावडीपुढे जाऊन उभा राहिला.

"जोहार, मायबाप. बारवेचं पाणी पिऊ नका. धुण्याची घाण उतरती त्यात."

पाटील हसले. "घ्या! आता येसकर आम्हाला पाणी शिकवणार. अरे, तुझी सावली तरी पडलीय का बारवेवर?"

"न्हाई जी. म्हणून तर जिता हाय."

या बोलण्याबद्दल त्याला फोकांनी मारलं.

घरी त्याच्या बायकोनं, चिमाईनं, पाठीला हळद लावली. म्हणाली, "मरू द्या की त्यांना. आपल्याला कधी घोटभर पाजलं त्यांनी? चला, पोरं घेऊन निघू."

"वेस माझ्याकडं हाय, चिमे. मरण आत शिरलंय. जाब मलाच द्यावा लागंल."

"आन् तुमचं ऐकतंय कोण?"

"माझं न्हाई ऐकणार. इटाळाचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बायका पाणी भरत असताना, सोननाक बारवेच्या पायऱ्या उतरला. बायका किंचाळत बाजूला झाल्या. शेवटच्या पायरीवर बसून त्यानं ओंजळ भरली आणि तो प्याला. एक नाही, तीन ओंजळी. त्या पाण्यात काय आहे हे सगळ्या गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"बारव बाटली!" गावभर ओरड झाली. सोननाकाला दगडांनी झोडपून वेशीबाहेर फेकलं. पण त्यानंतर बारवेत एकही घागर बुडाली नाही. भटजी म्हणाले, सगळं पाणी उपसल्याशिवाय शुद्धी होणार नाही. दोन मोटा लावल्या. सात दिवस उपसलं, पण पाणी बोटभरही उतरलं नाही, असं म्हणतात.

सोननाकाला त्याच संध्याकाळी पटकी लागली. तरी पहाटे तो वेशीपर्यंत सरपटत गेला, वेस उघडली, कोनाड्यात स्वतःच्या नावाचा खडा ठेवला आणि तिथंच उंबऱ्याला टेकला. गाव म्हणालं, देवानं शिक्षा केली.

पण तहान कुणाला चुकते? नदी कोरडी, दुसरी विहीर नाही. झऱ्याच्या पाण्याला विटाळ नसतो, हे भटजींना तिसऱ्या दिवशी आठवलं. झिऱ्यावर सगळ्यात आधी पाटलांची सून आली, कडेवर मूल घेऊन. नरोटी घेऊन चिमाई बसली होती. नवऱ्याला माती देऊन एकच दिवस झाला होता.

"लेकरू कितवं?" चिमाईनं विचारलं.

"तिसरं. दोन गेली."

चिमाईनं नरोटी भरली. मग म्हणाली, "धर ओंजळ."

तिच्यामागं सगळं गाव रांगेत उभं राहिलं. दोन हात एकत्र करून, मान खाली घालून. अर्ध्या सकाळी एक घागर देणारा झिरा त्या दिवसापासून आटला नाही, असं म्हणतात. अमावस्या आली आणि गेली. झोपड्या कुणी पेटवल्या नाहीत. कोनाड्यात सोननाकानंतर खडा पडला नाही.

पुढं किती वर्षांनी नगरपालिका झाली. पहिल्या ओव्हरसियरनं बारवेची मागची भिंत खणली आणि फट सापडली. तेव्हा गावाला सोननाक कळला. नगरपालिकेचा पहिला ठराव झिऱ्यापासून गावात नळ आणायचा होता. दुसरा ठराव असा, की बारव शुद्ध करायची नाही. ती आजही बाटलेलीच आहे, आणि तशीच राहील.

यंदा आपल्या नगरपालिकेला शंभर वर्षं झाली. कोट पडला, गावाचं शहर झालं, तीन टाक्या झाल्या, दवाखाना झाला, वेशीबाहेरची वस्ती आता शहराच्या मध्यात आली. तरी दर वर्धापनदिनी सकाळी शहरातले सगळे नळ बंद ठेवतात. त्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई नरोटी घेऊन झिऱ्यावर बसते. नगराध्यक्ष चपला काढून पहिले उभे राहतात. ती म्हणते, "धर ओंजळ." मग सगळं शहर रांगेनं पितं आणि त्यानंतरच नळ सुटतात.

काही जण अजूनही ओंजळ धरतात, ओठांपर्यंत नेतात आणि पाणी बोटांमधून सोडून देतात. म्हातारीला ते दिसतं. ती नरोटी बुडवते आणि त्यांची ओंजळ पुन्हा भरते.