रजेवरचा ढब्बू

दमडीलाही मूठभर फुटाणे मिळत, त्या काळातली गोष्ट. एक तांब्याचा ढब्बू पैसा होता. हातोहात फिरून तो इतका गुळगुळीत झाला, की जो तो दुकानदार म्हणे, "हा नको, दुसरा द्या." शेवटी तो कासमचाचांच्या खिशात येऊन पडला. मंडईच्या जुन्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची निगा चाचा राखत.

उन्हाळा आला. उष्णतेनं लंबकाची दांडी किंचित लांबली आणि घड्याळ मागे पडू लागलं. चाचांनी लंबकावर ढब्बू ठेवला, तसा त्या इवल्या वजनानं लंबक जरा भरभर झुलू लागला आणि घड्याळ पुन्हा वेळेवर आलं.

"इथे अंधारात मला कोण बघणार?" ढब्बू कुरकुरला.

"मला तरी कोण बघतंय?" लंबक म्हणाला. "पण तू आल्यापासून मंडई वेळेवर उघडते हो."

थंडी पडली, दांडी आखडली, घड्याळ पुढे पळू लागलं. चाचांनी ढब्बू उचलून खिशात टाकला. 'झालं! पुन्हा सगळे नको म्हणणार,' ढब्बूला वाटलं.

खाली मेथी घेताना चाचांनी नाणी तळहातावर काढली. भाजीवाल्या सोनाबाईंची नजर ढब्बूवर गेली.

"चाचा, तो तांब्याचाच द्या. देव्हाऱ्यातल्या कलशात टाकीन."

कित्येक वर्षांत ढब्बूला कुणी असं आपणहून मागितलं नव्हतं. पण चाचांनी मूठ मिटली.

"तो नाही मिळायचा, बाई. रजेवर आलाय तो. शिमगा झाला की वर कामावर हजर व्हायचंय त्याला."

मुठीच्या उबेत ढब्बूला वरचे टोले ऐकू आले. कधी एकदा ऊन तापतंय, असं त्याला झालं.